धारण : बुऱ्हाणपूरच्या बाजारातील धान्याचा भाव

जुन्या मराठी कागदपत्रांत धान्याच्या चालू भावाला ‘धारण’ म्हणत. धारण सांगण्याची रीत आजच्या उलट होती. एक शेर ज्वारीला किती पैसे, असे कोणी विचारत नसे. रुपयाला किती शेर, असे विचारत. रुपया जागेवर असायचा, धान्य कमीजास्त व्हायचे. महागाई आली म्हणजे आकडा चढत नसे, उतरत असे. इंग्रजांच्या दुष्काळी अहवालांतही भाव असेच, रुपयाला इतके शेर, म्हणून नोंदलेले सापडतात.

वाचकहो, हा केवळ शब्दाचा खेळ नाही. पैशाचा आकडा चढला की आपल्याला महागाई ‘बातमी’ वाटते. शेर उतरले की ती ताटात दिसते. बिस्किटे-नमकीन विकणाऱ्यांना ही जुनी रीत बरोबर ठाऊक आहे. पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहतो, आतला माल हलका होत जातो. ही आपली जुनी धारणच, फक्त आता ती पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते.

महागाईवर बोलणारे बहुधा दोन पक्ष मांडतात. एका पारड्यात शहरातले घर, दुसऱ्यात शेतकरी. भाव चढला की घर रडते आणि शेतकरी हसतो, उतरला की उलट. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, दवाखाना चालवणारा माणूस आहे. पण आमच्या बुऱ्हाणपूरचा इतिहास वाचताना हा हिशेब मला कधी जुळला नाही. इथे भाव चढला तेव्हा शेतकरी बहुतेक वेळा विकणाऱ्यांच्या रांगेत नव्हताच. तो घेणाऱ्यांच्या रांगेत, आणि तोही शेवटी उभा होता.

सर्वांत मोठा दाखला १६३० ते १६३२ चा. गुजरातेत त्याला विक्रम संवत १६८७ वरून ‘सत्याशियो काळ’ म्हणतात. १६३० च्या मार्चमध्ये शहाजहान बुऱ्हाणपुरास आला. खानजहान लोदीने बंड केले होते, त्याला निजामशाहीचा आसरा होता, आणि त्या मोहिमेसाठी बादशहाने तापीकाठचा हा किल्ला आपला मुक्काम केला. बादशहा आला म्हणजे दरबार, जनाना, फौज, घोडे, हत्ती, सांडणीस्वार, कारागीर आणि बाजारबुणगे, म्हणजे एक चालते शहरच आले. त्याच सुमारास पाऊस रुसला. बादशाहनामा लिहिणारा अब्दुल हमीद लाहोरी सांगतो की आदल्या वर्षी बालाघाटात, विशेषतः दौलताबादेच्या बाजूला, पाऊस पडला नव्हता, आणि या वर्षी दख्खन व गुजरात पुरते कोरडे गेले.

लाहोरी दरबारी इतिहासकार होता. बादशहाच्या राज्यात उणे दाखवण्याची त्याला हौस नसणार. तरीही त्याने लिहिले आहे की भाकरीसाठी लोक जीव द्यायला तयार होते आणि घेणारा नव्हता. शेळीचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले जात होते आणि मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली जात होती. शेवटच्या गोष्टीकडे मी वैद्य म्हणून पुन्हा पुन्हा वळतो. भेसळ ही महागाईची सावली आहे. धान्य इतके महाग झाले की हाडाचा भुगाही पिठाच्या भावाने खपू लागला. एवढेच की तेव्हाही कोणीतरी पीठ विकतच होते. बाजार बंद पडला नव्हता.

ईस्ट इंडिया कंपनीचा पीटर मंडी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्यास निघाला. त्याची वाट नंदुरबारवरून बुऱ्हाणपुराकडे, म्हणजे आजही आपण सुरतेला जातो त्याच खोऱ्यातून. त्याच्या रोजनिशीत वाटेवर पडलेली प्रेते आहेत, चार पैशांना पोर विकणारे आणि नुसतेच देऊन टाकणारे आईबाप आहेत, जनावरांच्या शेणातून दाणे वेचणारी माणसे आहेत. हे दाणे आले कुठून? प्रवाशांच्या घोड्या-बैलांच्या पोटातून. म्हणजे त्या रस्त्याने धान्य जात होते. घोड्यांना चंदी मिळत होती.

मला वाटते, या साऱ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. माळव्यात धान्य होते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर ते छावणीकडे आणत. या तांड्यांचा आवाका केवढा असे, ते मंडीनेच पुढे १६३२ मध्ये आग्रा–पाटणा रस्त्यावर पाहिले. एका तांड्यात १४,००० बैल, सारे धान्याने लादलेले. एवढी व्यवस्था असताना वाटेवरची गावे उपाशी का मेली? कारण बैल वाटेवर थांबत नव्हता. ज्याच्याकडे देण्यास पैसा होता आणि पोहोचवून घेण्याची ताकद होती, त्या छावणीकडे तो चालला होता. कुणब्याकडे पिकलेच नव्हते, मग विकण्यास काय असणार? त्याच्याजवळ बैल होते, तेही चाऱ्यावाचून मरत होते. सगळेच एकदम बैल विकायला निघाले म्हणजे बैलाचा भाव कोसळतो, आणि त्याच आठवड्यात धान्याचा भाव आकाशाला भिडतो. दोन्ही भाव त्याच्याच विरुद्ध जातात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरून हेच शास्त्रशुद्ध मांडले : उपासमार म्हणजे अन्न नसणे नव्हे, अन्न मिळवण्याची ऐपत आणि हक्क नसणे. हा सिद्धान्त ताडून पाहायला आपल्याला तापीचा काठ पुरतो.

पाण्याचीही एक गोष्ट सांगतो. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराने शहरात येते, आजही येते. म्हणजे दुष्काळात शहराच्या पोटाखालून पाणी वाहत होते. पण ते पिण्याचे पाणी. त्याने भोवतालची शेते भिजत नव्हती. शहर तहानेने मेले नाही, धारणीने मेले.

बादशहाने काय केले, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले, शिजवलेले अन्न फुकट वाटले. बुऱ्हाणपूर मुक्कामी दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटावेत असा हुकूम झाला. सोमवार हा त्याच्या राज्यारोहणाचा वार. वीस सोमवारांत एक लाख रुपये गेले. खालशाच्या मुलखात सुमारे ७० लाख रुपयांचा सारा सोडला, लाहोरीच्या हिशेबाने एकूण वसुलाचा अकरावा हिस्सा. या तीन उपायांत मला लंगर सर्वांत शहाणपणाचा वाटतो. लंगराची वाटी भाव विचारत नाही. रोख रुपया मात्र उपाशी माणसाच्या हाती पडून लगेच त्याच बाजारात जातो, जिथे धान्यच कमी आहे. साऱ्याची सूट चांगली खरी, पण ती जगलेल्याला, जमीन हाती राहिलेल्याला. जमीन टाकून निघालेल्याला आणि विणकराला तिचा उपयोग नाही.

विणकरांचे नाव मुद्दाम घेतो. बुऱ्हाणपूर कापडाचे शहर. तॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या पुढे इथून इराण, तुर्कस्तान, पोलंड, रशियापर्यंत जाणाऱ्या तलम कापडाचे वर्णन करून गेला. विणकर काही पिकवत नाही. तो कापड विकून ज्वारी घेतो. ज्वारी महाग झाली की लोक नवे कापड घेणे आधी बंद करतात, म्हणजे ज्या दिवशी त्याचा खर्च वाढतो त्याच दिवशी त्याची मिळकत थांबते. आजच्या यंत्रमागावाल्या मोहल्ल्यांतही हे गणित तसेच आहे. फक्त गती मंद आहे.

मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी इथेच बाळंतपणात वारली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरले आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्यास नेला. प्रवासी येतात ते ही जागा विचारत येतात. त्याच उन्हाळ्यात त्याच नदीकाठी मेलेल्यांची जागा कोणी विचारत नाही, आणि विचारली तरी दाखवता येणार नाही.

त्याच काळात दक्षिणेस देहू गावी एका वाण्याचे घर होते. घराणे महाजनांचे, दुकान आणि सावकारी चालू. परंपरा सांगते की दुष्काळात या वाण्याची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, दिवाळे निघाले. हा वाणी म्हणजे तुकाराम. दुकानदाराच्या घरातली बाई भुकेने मरते, यावरून धारणीची तीव्रता समजावी. पुढे भावाबरोबर वाटणी झाली तेव्हा आपल्या वाट्याची कर्जखते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, असेही परंपराच सांगते. वारकरी यात वैराग्य पाहतात. मी व्यापारी जातीत जन्मलो, मला त्यात एका दुकानदाराचा हिशेबही दिसतो. ज्या लोकांनी खते लिहून दिली होती त्यांतले किती उरले होते? उरलेल्यांकडून वसुली करायची म्हणजे कोणाकडून?

आता आमच्या लोकांविषयी. आम्हा जैनांत जगडूशाचे नाव श्रद्धेने घेतात. कच्छमधल्या भद्रेश्वरचा हा तेराव्या शतकातला व्यापारी. संवत १३१३ ते १३१५ च्या दुष्काळाआधी त्याने कोठारे भरून ठेवली आणि वेळ आल्यावर ती गरिबांची म्हणून मोकळी केली, अशी कथा त्याच्या चरित्रकाव्यात आहे. व्याख्यानांतून, पर्युषणात, आम्ही ती लहानपणापासून ऐकतो. पण बुऱ्हाणपूरच्या बाजारात दुसराही एक जैन होता, त्याचे नाव कोणी प्रवचनात घेत नाही. सुरतेचा वीरजी व्होरा. सत्याशियोच्याच काळात तो पश्चिम किनाऱ्यावरचा सर्वांत बलाढ्य व्यापारी होता, बुऱ्हाणपुरातही त्याची पेढी होती. बंदरात उतरलेली सगळीच्या सगळी मिरी उचलायची आणि मग भाव सांगायचा, ही त्याची रीत. इंग्रज वखारवाले त्याच्यावर चिडायचे आणि त्याच्याकडूनच कर्जही घ्यायचे. तो धर्मनिष्ठ होता, संघात मान्यवर होता.

कोठार दोघांनीही भरले. माल अडवून धरण्याची कला एकच. फरक कोठार केव्हा आणि कोणासाठी उघडले, एवढाच. श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण आहे : किती साठवायचे याची मर्यादा स्वतः घालायची. पण ज्याला साठवता येते त्यालाच हे व्रत लागू पडते, हे आपण विसरतो. साठवता येणे म्हणजे थांबता येणे. धान्याच्या बाजारात पारडे कोणाकडे झुकते हे मालाच्या वजनावर कमी आणि कोण किती दिवस थांबू शकतो यावर जास्त ठरते. व्यापारी सहा महिने थांबतो. सरकार दोन वर्षे थांबते. पोट दोन दिवस थांबते, आणि कर्जदार शेतकरी सुगी संपेपर्यंतही थांबू शकत नाही.

ब्रिटिश अमलात हे रूप बदलले, नाहीसे झाले नाही. १८६० मध्ये बुऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले, पुढे मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेले. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाड-निमाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्याच्या कथा त्याच काळातल्या. पण ज्वारीची शेते कापसाखाली गेली, तेव्हा ज्वारीही महागली. कापूस विकून आलेला पैसा ज्वारी घेण्यात जाऊ लागला. शेतकरी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या संख्येने स्वतःच्या धान्याचा गिऱ्हाईक झाला, आणि तो आजतागायत तसाच आहे. १८६५ ला अमेरिकेतले युद्ध थांबले, कापूस कोसळला. कर्ज मात्र तेजीच्या भावाने काढलेले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला तो मुख्यतः खतपत्रे जाळण्यासाठी. हे सावकार मारवाडी व गुजर, त्यांत जैनही होते. इंद्रायणीत बुडालेली खते आणि सुप्याला जळालेली खते यांमधले अंतर आम्ही व्यापाऱ्यांनी कधीतरी मोजले पाहिजे.

१८७० मध्ये मुंबई–कोलकाता लोहमार्ग जोडला गेला आणि बुऱ्हाणपूर त्यावर आले. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य आणता येते, हे खरे. पण रूळ दोन्हीकडे जातात. आता इथली धारण मुंबई आणि लंडनच्या भावाने ठरू लागली. १८७६-७८ च्या दुष्काळात लोक मरत असतानाही देशातून धान्याची निर्यात चालू होती. बंजाऱ्याच्या बैलाप्रमाणे मालगाडीही वाटेत थांबत नव्हती.

महागाई शरीरावर काय करते याचा एक जुना दाखला वैद्यकातला आहे. १८२९ पासून सागर भागात लागोपाठ पिके गेली, पण तेवरा तगला. विदर्भात ज्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात ती डाळ. स्वस्त म्हणून लोक तीच खात राहिले. १८३३ च्या सुमारास धडधाकट तरुणांचे पाय लुळे पडू लागले, अशी नोंद स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने केली आहे. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तेवरा खाल्ला की हा पांगळेपणा येतो, आणि गेलेले पाय सहसा परत येत नाहीत. आमच्या होमिओपॅथीच्या औषधांत लॅथायरस सटायव्हस नावाचे औषध याच डाळीपासून केलेले आहे. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली, तरी तूरडाळ आणि बेसन महागले की भेसळीला ती आठवते. ज्वारी-गहू महागला की माणूस उपाशी राहतो, हे आपल्याला दिसते. डाळ महागली की तो उपाशी राहत नाही, वरण पातळ होते. हे पातळ वरण कोणत्याही दुष्काळाच्या अहवालात येत नाही. घरात ते कोणाच्या वाटीत आधी पातळ होते, हे मी सांगायची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर वादाला राजकीय रूप आले. नियंत्रणे उठवावीत असा गांधीजींचा आग्रह, एकदम उठवू नयेत असा धनंजयराव गाडगीळ ज्यात होते त्या भावमंडळाचा कल. डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे सैल केली, भाव भडकले, १९४८ मध्ये पुन्हा बसवली. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढारपणाखाली मुंबईच्या बायका लाटणी आणि रिकाम्या थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. १९८० ला शरद जोशींबरोबर चाकणचे शेतकरी कांद्याला भाव मागत रस्त्यावर आले. एकीकडे स्वस्त द्या, दुसरीकडे भाव द्या. दोन्ही मोर्चे मराठीच, दोन्ही खरे. चाकणच्या शेतकऱ्याची बायकोही तेल-डाळ विकतच आणत होती, हे मात्र दोन्हींकडच्या भाषणांत फारसे आले नाही.

अलीकडचा दाखला तुरीचा. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली. भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर पेरली. पाऊसही बरा झाला. २०१५-१६ ला देशात सुमारे २५ लाख टन झालेली तूर २०१६-१७ ला ४८ लाख टनांवर गेली. तोवर आयातीचे करार झाले होते, साठ्यांवर मर्यादा होत्या, आणि डाळींच्या निर्यातीवरची बंदी २०१७ च्या सप्टेंबरपर्यंत उठली नाही. बोनस धरून ५,०५० रुपये हमीभाव जाहीर असताना अनेक मंडयांत तूर त्याच्या खूप खाली गेली. ज्याने २०१५ ला २०० रुपयांनी डाळ खाल्ली, त्यानेच २०१७ ला मातीमोल तूर विकली. तो एकच माणूस होता. आपल्या प्रदेशात त्या वर्षी कांद्याचेही तेच झाले. सरकारने आठ रुपये किलोने कांदा विकत घेतला, पण ६ जून रोजी मंदसौरला गोळीबार होऊन शेतकरी मेले.

बुऱ्हाणपूर जिल्हा आज केळीचा. २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा झाला, तेव्हाही केळीचाच होता. कापूस निदान घरात रचून ठेवता येतो. केळीचा घड तयार झाला की कापावाच लागतो, मंडीत जी बोली लागेल ती घ्यावी लागते, आणि मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर तीही नाही. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्राहक केळीला देतो त्या रुपयातले सुमारे ३१ पैसे शेतकऱ्याला मिळतात असा अंदाज आहे. टोमॅटोला ३३, कांद्याला ३६. आंब्याला ४३. म्हणजे दिल्लीत केळी महागली तर शाहपूरच्या बागायतदाराने पेढे वाटावेत असे काही नसते. त्याच्या घरी गहू, डाळ, तेल, साखर सगळे किराण्यातून येते. सरकारच्याच २०२२-२३ च्या पाहणीत खेड्यातल्या घराच्या खर्चापैकी सुमारे ४६ टक्के खाण्यावर जातात, शहरात ३९. धान्य पिकवणाऱ्या खेड्यात खाण्याचा वाटा शहरापेक्षा जास्त आहे, हा आकडा दोन पारड्यांची भाषा बोलणाऱ्यांनी जरूर वाचावा.

शेतकऱ्याला थांबता यावे म्हणून महाराष्ट्राच्या कृषी पणन मंडळाने १९९० पासून शेतमाल तारण योजना चालवली आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत सहा टक्क्यांनी कर्ज घ्यायचे आणि सहा महिन्यांत भाव पाहून विकायचे. मला ही योजना भाषणांपेक्षा मोलाची वाटते. जगडूशाला जे स्वतःच्या कोठारामुळे साधले ते लहान शेतकऱ्याला थोडेफार साधावे, अशी तिची रचना आहे. आमच्याकडून रावेर तासाभराच्या आत. त्या योजनेच्या मालाच्या यादीत तूर आहे, हरभरा आहे, हळद आहे, बेदाणाही आहे. केळी नाही, कारण केळी गोदामात थांबत नाही.